जे पुण्यात करू देत नाहीत, ते नेपाळमध्ये का करायचं?

आज सकाळी दादाने व्हॉट्सॲपवर एक जाहिरात पाठवली. भाची एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला सुट्टीत 'मेडिकल सेवा सहली'ला धाडायचं त्याच्या मनात आहे. नेपाळ, राहणं-खाणं धरून पैसे, अनुभवाची अट नाही, शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष सहभाग, शेवटी प्रमाणपत्र. वर फोटो. विशीतली मुलगी, गळ्यात स्टेथोस्कोप, बाजूला एका डोळ्यावर पट्टी असलेल्या आजी. मुलगी कॅमेऱ्याकडे बघून हसतेय. आजींना कुणी विचारलं तरी होतं का, फोटो काढू का म्हणून?

माझं डोकंच फिरलं. कारण मी असं शिबिर बघितलंय.

ऑप्टोमेट्रीला, म्हणजे नजर तपासायच्या अभ्यासक्रमाला होते तेव्हा आमचा एक गट नेपाळमधल्याच नुवाकोट जिल्ह्यात डोळ्यांच्या शिबिराला गेला होता. शाळेच्या भिंतीला 'ई'चा तक्ता लावलेला, टेपने सहा मीटर मोजून खडूची रेघ ओढलेली. अक्षरओळख नसली तरी 'ई'ची तोंडं कुठल्या बाजूला आहेत ते बोटांनी दाखवता येतं. माझं काम तेवढंच, नजर तपासायची आणि चिठ्ठीवर लिहायचं. ते मला शिकवलेलं होतं, पुण्यातही मी तेच करत होते. ऑपरेशनं नेपाळी डॉक्टर करत होते आणि आमच्यासारख्यांची वाट बघत ते अजिबात बसले नव्हते.

तपासणीत मोतीबिंदू ठरला की ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्याच्या वर कपाळाला चिकटपट्टीचा तुकडा लावायचे. पट्टीवाली माणसं व्हरांड्यात रांगेने बसायची. त्या रांगेत तामांग या तिथल्या डोंगरी समाजातल्या एक आजी येऊन बसल्या, त्यांच्या कपाळावर पट्टी नव्हती. शेजारणीने काहीतरी सांगितलं तसा आजींचा हात कपाळावर गेला. एका भुवईवर चाचपलं, दुसऱ्या भुवईवर चाचपलं, परत पहिल्या. मग त्या तशाच बसून राहिल्या, कुणीतरी येऊन लावेल म्हणून.

आमच्याच गटातल्या एका मुलाने त्यांना सांगितलं होतं, "अम्मा, ऑपरेशन होगा, सब दिखेगा." त्याचं शिक्षण किती, तर पहिलं वर्ष संपलेलं. आजींना मोतीबिंदू नव्हताच, काचबिंदू होता. नेत्र सहायकाने चारी बाजूंनी टॉर्च मारून विचारलं होतं, उजेड कुठून येतोय? आजींना एकाही बाजूचा सांगता आला नव्हता. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, ऑपरेशन करा नाहीतर काहीही करा. हे त्या मुलाला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना बोलायचं नसतं हेही कुणी शिकवलं नव्हतं. आजींबरोबर त्याचा फोटो मात्र काढून झाला होता.

दुसऱ्या दिवशी तो बसमध्ये बसून निघून गेला. आजींना खरं कुणी सांगितलं? गावच्या स्वयंसेविका दिदींनी. त्यांनी आजींना हाताला धरून रांगेतून उठवलं, पायरीवर नेऊन बसवलं आणि तामांग भाषेत बराच वेळ हळूहळू बोलत राहिल्या. आम्हाला शब्द कळत नव्हते. आजी एकदा मोठ्याने रडल्या एवढं कळलं.

या दिदींसारख्या महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका नेपाळमध्ये १९८८ पासून आहेत. आज पन्नास हजारांच्या आसपास. पगार नाही. वर्षातून दोनदा, कार्तिकात आणि वैशाखात, गावातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या पोरांना 'अ' जीवनसत्त्वाचा डोस त्या देतात. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं की पोरं आंधळी होतात, दगावतातही. म्हणजे डोळे वाचवायचं काम या बायका पदरमोड करून वर्षानुवर्षं करताहेत आणि जाहिरातीत फोटो कुणाचा, तर पंधरा दिवसांच्या पाहुणीचा!

बाहेरच्यांनी जाऊच नये असं मी म्हणत नाही. काठमांडूचं तिलगंगा नेत्र रुग्णालय तिथलेच नेत्रतज्ज्ञ डॉ. संदुक रुइतांनी उभं केलं त्यात ऑस्ट्रेलियाचे नेत्रतज्ज्ञ डॉ. फ्रेड हॉलोज यांचा हातभार मोठा आहे, हे मान्यच करायला हवं. पण हॉलोज वारले १९९३ मध्ये आणि तिलगंगा सुरू झालं १९९४ मध्ये. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायचं, शंभर डॉलरच्या वर किंमत असलेलं भिंग तिथल्या कारखान्यात नेपाळी माणसं पाच डॉलरच्या आत बनवायला लागली. मदत करणारा माणूस या जगात नाही आणि काम चालू आहे. अशी मदत घेऊन जाणार असाल तर खुशाल जा, मी स्टेशनवर सोडायला येते.

"मुलं शिकणार कुठे मग?" दादाने फोनवर विचारलं. प्रश्न चुकीचा नाही. शिकायला रुग्ण लागतातच. पण आपल्याकडे शिकताना मागे सर उभे असतात, रुग्णाने विचारलं तर उत्तर द्यायला कुणीतरी असतं. त्या व्हरांड्यात आजींना उत्तर द्यायला कोण होतं? कर्वे रोडवरच्या एखाद्या साहेबांच्या डोळ्याला दुसऱ्या वर्षाच्या मुलीला हात लावू देतील का? मग तामांग आजीच्या डोळ्याला का? गरीब आहे, भाषा येत नाही, तक्रार करणार नाही, म्हणूनच ना? हे लिहितानाही हात थरथरतोय माझा.

त्या मुलाचा राग आता तितका येत नाही खरं तर. तो वाईट नव्हता. आजींना धीर द्यावा असंच वाटलं असेल त्याला. राग येतो तो पैसे घेऊन अशा पोरांना तिथे नेऊन सोडणाऱ्यांचा.

आणि आपल्याकडे नगर जिल्ह्यातलं जामखेड आहे की! डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे खेड्यांच्या आरोग्याचं काम सुरू केलं आणि खेड्यातल्या, कित्येक तर शाळेचं तोंडही न बघितलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. तिथे देशोदेशीची मुलं येतात आणि या बायकांसमोर बसून शिकतात.

भाचीशी संध्याकाळी बोलले. म्हटलं, पैसे भरू नकोस. नेपाळलाच जायचं असेल तर आधी त्या जाहिरातवाल्यांना विचार, तिथला डॉक्टर कोण, मला तिथली भाषा कोण समजावणार, मी काय करायचं नाही ते लिहून देता का, आणि आम्ही गेल्यावर त्या रुग्णाला कोण बघणार. तिने लगेच मेसेज टाकला. उत्तर आलं, "मॅडम, लवकर बुकिंग केल्यास सवलत आहे."

माझ्या यादीत मेडिकल, नर्सिंग, डेंटल कॉलेजांत शिकवणारे बरेच जण आहात. तुमच्या नोटीस बोर्डावर अशी जाहिरात लागली असेल तर उद्याच्या उद्या काढा. मुलं विचारतील का काढली म्हणून, तर त्यांना या आजींबद्दल सांगा.