केळीची सुनावणी

रविवारी सकाळी मी केळ कापली आणि सोमवारी संध्याकाळी लिफ्टशेजारच्या फळ्यावर नोटीस लागली : 'तळमजला, फ्लॅट क्र. २ यांनी विनापरवाना वृक्षतोड केली आहे. लेखी खुलासा करावा.'

वृक्षतोड! जणू खांद्यावर कुऱ्हाड टाकून मी सह्याद्रीतच शिरलो होतो. प्रत्यक्षात हत्यार होतं ओट्यावरची कलिंगड कापायची सुरी. पाच-सहा फटक्यांत केळ आडवी झाली. त्याच्या दसपट वेळ गेला बनियनवरचा चीक घासण्यात. केळीच्या चिकाचा डाग जात नाही. शेवटी बनियनच जातं.

कापली तीही हौसेनं नव्हे. घड उतरवला होता, आणि केळ एकदाच निसवते, म्हणजे एकदाच घड देते. आमची आजी रावेरची. तिकडे केळीचा हिशेब लहान मुलालाही येतो. फोनवर तिनं आधी घडाला फण्या किती ते विचारलं, मग म्हणाली, "आता तिला ठेवून काय करणार? काप, पिलांना जागा दे." जळगावाकडे बुडाशी फुटलेल्या या पिलांवर पुढची अख्खी 'पिलबाग' उभी राहते. आमच्या डोंबिवलीत मात्र खुलासा उभा राहिला.

बुधवारी कमिटीपुढे मी पुराव्यासकट गेलो. काखेत दोन फूट लांबीचा केळीचा तुकडा. सेक्रेटरींसमोर १९७५ च्या झाडांच्या कायद्याची झेरॉक्स होती, पिवळ्या शाईनं रंगवलेली.

"मुळात," मी म्हणालो, "हे झाडच नाही." आणि टेबलावरच सोलायला घेतलं. एक पदर निघाला, दुसरा, तिसरा. कांद्यासारखे. "यात लाकूड दिसलं कुणाला? ही नुसती पानांची देठं, एकमेकांना कवटाळून उभी. खरं खोड म्हणजे जमिनीखालचा कंद. त्याला मी हातही लावलेला नाही. केळ ही आल्या-हळदीच्या गोतावळ्यातली. उद्या मी आल्याचा चहा केला तर त्यालाही वृक्षतोड म्हणाल?"

"नारळाला तरी कुठं फांद्या असतात?" खजिनदार म्हणाले. "मग नारळही झाड नाही?"

प्रश्न वाईट नव्हता. या प्रश्नावर मीही आदल्या रात्री अडकलो होतो. "नारळावर माणूस चढतो," मी म्हणालो. "तुम्ही केळीवर चढून दाखवा."

खजिनदारांचं वजन सोसायटीत सर्वांना ठाऊक असल्यामुळे मुद्दा तिथंच मान्य झाला. एवढ्यात चौथ्या पदरातून चीक ओघळला आणि थेट मागच्या सभेच्या इतिवृत्तावर पसरला. त्यातला पाणीपट्टीचा ठराव आता कुणालाच वाचता येत नाही.

सेक्रेटरी मात्र शांत होते. एवढे शांत की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

"म्हणजे केळ हे झाड नाही, हे तुम्ही लिहून देता?"

"सही करून देतो!" मी केलीही.

त्यांनी खणातून दुसरं रजिस्टर काढलं. गेल्या वर्षीचा वृक्षारोपण सप्ताह. प्रत्येक फ्लॅटनं एक झाड लावायचं, न लावणाऱ्याला ५०० रुपये दंड. बाकीच्यांनी नर्सरीतून बकुळ, कडुनिंब, सोनचाफा आणला आणि दिवाळीपर्यंत सगळे वाळवले. एकट्या फ्लॅट क्र. २ चं 'झाड' तगलं, म्हणून टाळ्या वाजल्या, फोटो काढला, मला गुलाबाचं फूल दिलं. रजिस्टरात नोंद होती : 'वृक्ष – केळ.' खाली सही माझीच. आजच्यापेक्षा वळणदार.

मी दंड भरला. पावती घेतली. गुलाबाचं फूल परत मागितलं नाही, हे कमिटीचे उपकार. जाताना मी फक्त एवढंच विचारलं, की त्या एका केळीच्या बुडाशी आता चार पिलं आहेत, तर रजिस्टरात काय लिहायचं? यावर पुढच्या सभेत चर्चा होणार असं ठरलं.

सभा व्हायच्या आधीच, शनिवारी सकाळी सेक्रेटरी माझ्या दारात. अंगात नवाकोरा पांढरा झब्बा.

"आज घरी सत्यनारायण आहे," ते म्हणाले. "तुमची ती चार पिलं अगदी चौरंगाच्या मापाची आहेत हो."

"पण ती वृक्षतोड होईल," मी म्हणालो.

"छे! वृक्ष कुठले? ते तर केळीचे खांब!" असं म्हणत ते बाह्या सरसावून अंगणात उतरलेसुद्धा.

मी झब्ब्याकडे एकदा पाहिलं. मग काही न बोलता आतून सुरी आणून दिली.