दोन एकर दहा गुंठे ऊर्फ गांधी जयंती

पीएचडी करतोय म्हटलं की लोक विषय काय विचारतात, गाईड कोण विचारतात, लग्नाचं विचारतात. डेटा कुठं ठेवलायस हे कुणी म्हणजे कुणी विचारत नाही.

माझा विषय कोरडवाहू शेतकऱ्यांचं कर्ज. २१२ घरं फिरून फॉर्म भरून आणले, प्रत्येक घरी चहा, नाही म्हणायची सोय नाही, त्यामुळे डेटा जमला तेवढीच ॲसिडिटीपण जमली. जमीन गावात लिहितात तशीच लिहिली, २-१० म्हणजे दोन एकर दहा गुंठे. मग २०२३ मध्ये चार रात्री जागून सगळं एक्सेलमध्ये टाइप केलं. आता एक्सेलला बिचाऱ्याला गुंठा काय माहीत, त्याला २-१० म्हणजे दोन ऑक्टोबर! गांधी जयंती! आणि तारीख ते आतून १९०० सालापासूनचे दिवस मोजून ठेवतं, त्यामुळे मी तो कॉलम नंबरमध्ये बदलला तर सव्वादोन एकरवाले काका थेट ४५,२०१ एकरचे मालक झाले. १३-२० वाला महिना काही त्याला सापडला नाही, म्हणून ते तेवढे बिनतारखेचे सुटले.

सरांनी चष्मा वर केला. "एवढी जमीन असून हे कर्ज का काढतायत?"

जनुकवाल्यांचं दुःख मला तेव्हा कळलं. मार्च१, सेप्ट१ अशा नावांच्या जनुकांच्या एक्सेल तारखा करायचं, शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली, एक्सेलपुढं हात टेकले सरळ. मी काय गुंठ्याचं बारसं करू परत?

"मूळ फॉर्म काढा," सर म्हणाले.

बॅकअपचा नियम मला पाठ होता हो, तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. माझ्या तीन म्हणजे लॅपटॉप, लॅपटॉपच्याच बॅगेत पेनड्राइव्ह (दोन्हीकडं गांधी जयंती) आणि माळ्यावर फॉर्मचं गाठोडं. माळ्यावर चढलो तर माळा लखलखीत. दिवाळीची सफाई! घराबाहेर एक कॉपी हवी हा नियम आईनं परस्पर पाळला होता, रद्दीवाल्याकडं.

"कागदच होते की, तू तर सगळं कॉम्प्युटरवर घेतलंस ना?"

आता खरा घाम फुटला. एक्सेलमध्ये मी नावं काढून कोड नंबर टाकलेले, शहाण्यासारखं, पण फॉर्मवर नाव, गाव, सावकाराचं किती देणं, सगळं होतं आणि खाली 'माहिती गोपनीय राहील' म्हणून माझीच सही. चप्पल घालायचंही भान नव्हतं, तसाच पळालो. रद्दीवाल्यानं गठ्ठा काढला, माझा चेहरा बघितला आणि भाव वाढवला. आईनं चौदा रुपये किलोनं दिलेली रद्दी मी चाळीसनं परत घेतली, घासाघीस करायची ताकदच नव्हती.

घरी येऊन मोजले. २०९.

पुढचा महिनाभर चौकातल्या गाडीवर वडापाव घेतला की मी आधी वडा हातात काढून घ्यायचो आणि कागद उलटून बघायचो.