60 रुपयांत बोअरमधली मोटार वर कशी काढावी

व्होल्टेज, करंट मोजायचा मल्टीमीटर एकदा घेतला की त्याच्यासोबत आलेल्या लाल-काळ्या वायरी आयुष्यभर पुरवायच्या असतात, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. तरीही काही उतावळे लोक मध्येच वायरी बदलतात, त्यातही चांगल्या घेतात, आणि मग त्यांचं मीटर खरं बोलायला लागतं. ही वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून थोडं मार्गदर्शन.

आधी खरेदी. नाशकात एमजी रोडला जायचं आणि दुकानदाराला एवढंच म्हणायचं, "शेठ, मीटरच्या वायरी द्या, साध्यातल्या." तो काउंटरखालून पाकीट काढतो. 60 रुपये. पाकिटावर 1000 व्होल्ट, 20 अँपिअर असं ठळक छापलेलं असतं, आणि छापलेलं कधी खोटं असतं का? वायर हाताला जाड लागली की झालं. ती जाडी तांब्याची की प्लॅस्टिकची, असल्या चौकशा करू नयेत. सोललेल्या टोकाला चुंबक तर मुळीच लावू नये. तार चुंबकाला चिकटली, म्हणजे आत तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड निघालं, तर उगाच मन खट्टू होतं.

गणितही करू नये. आत 0.1 चौरस मिलिमीटर तांबं असेल तर दर मीटरला साधारण 0.17 ओहम धरा, दोन वायरींचे मिळून 0.34. त्यातून पाकिटावरचे 20 सोडा, नुसते 10 अँपिअर नेले तरी वायरीतच 34 वॉट उष्णता तयार होते. तुमच्या बाकावरचं सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचं असतं. थंडीत हात शेकायला बरं.

आपल्या नाशकाला तर हे अगदी शोभून दिसतं. 1982 साली सुरू झालेली आणि मल्टीमीटर बनवणारी ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स इथलीच. 2011 मध्ये तिने पोलंडची ल्युमेल कंपनी विकत घेतली. सातपूर-अंबडमध्ये स्विचगिअर बनतात. पोलंडपर्यंत मजल मारलेल्या गावात आपण मीटरला लावतो काय, तर फुटपाथवरच्या इअरफोनसारखी वायर.

वायर हँडलपाशी तुटली की काळी टेप मारावी. पुन्हा तुटली की टेपवर टेप.

प्रोबवर बोटं पुढे घसरू नयेत म्हणून जी आडवी कड असते, ती मध्ये येते. कापून टाका.

पिन मीटरच्या भोकात सैल बसत असेल तर तांब्याचे दोन केस गुंडाळून ठोका.

लाल वायर करंट मोजायच्या 10 अँपिअरच्या भोकातच राहू द्या. पुढचा माणूस त्याच मीटरने व्होल्टेज बघायला जातो तेव्हा थेट शॉर्ट होतं, आणि स्वस्तातल्या मीटरवर त्या भोकाशेजारी 'अनफ्यूज्ड', म्हणजे आत फ्यूज नाही, असं लिहिलेलंही असतं. लिहिलंय ना, मग आपली जबाबदारी संपली.

आता मुख्य विषय, मोटार वर काढणे. यासाठी द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस उत्तम. बागेला पाणी हवंच असतं, लाइट रात्रीची असते, आणि घरातला विजेचं कळणारा माणूस कंपनीत शिफ्टला गेलेला असतो. आमचं असंच जुळून आलं. गिरणाऱ्याकडे आमची थोडी द्राक्षं आहेत. मोटार चालू होईना म्हणून नानांनी वायरमनला बोलावलं. तो आला, स्टार्टर उघडला, मोटारीकडे जाणाऱ्या तिन्ही वायरी सोडवल्या आणि मीटर लावलं. पहिल्या जोडीला बीप नाही. दुसरीला नाही. तिसरीला नाही. पडद्यावर डावीकडे तो एकटा 1 उभा, म्हणजे जोडणी कुठेतरी तुटलेली, ओपन. "नाना, मोटार गेली. वर काढावी लागंल."

तिन्ही जोड्या ओपन! अहो, स्टार जोडणीच्या मोटारीत तिन्ही कॉइलचं एकेक टोक आत एकत्र जोडलेलं असतं, एक कॉइल तुटली तरी उरलेल्या दोघींची एक जोडी बीप देते. तिन्ही जोड्या मेल्या म्हणजे किमान दोन कॉइल एकाच वेळी, एकाच रात्री, ठरवून तुटायला हव्यात. नाहीतर अख्खी केबल खाली कापली गेलेली हवी. जळालेलं वाइंडिंग बहुतेक वेळा शॉर्ट तरी होतं किंवा बॉडीला तरी लागतं. तीन वेळा एकच उत्तर मिळालं की शंका मोटारीवर घ्यायची का हातातल्या वायरीवर? दोन प्रोब एकमेकांना टेकवून बघायला किती वेळ लागतो? बीप आला तर वायर धड, नाही आला तर वायर गेलेली. एवढंच! पण ते केलं तर तिपाई कशी उभी राहणार, चेन-ब्लॉक कसा लागणार, तीनशे फुटांवरची मोटार पाइपासकट वर कशी येणार, आणि माणसांना चहा कोण पाजणार?

तर मोटार वर आली. गावातल्या वाइंडिंगवाल्याकडे गेली. त्याने मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावला, मग तिन्ही जोड्या मोजल्या. तिन्ही सारख्या, इन्सुलेशन ठणठणीत. तो म्हणाला, "ही कशाला आणली?" मी शिफ्टवरून थेट शेतात गेलो. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले ट्रिप होऊन बसला होता. रात्री व्होल्टेज पडलं, मोटारीने करंट जास्त घेतला, रिलेने आपलं काम चोख केलं. एक बटण होतं हो. लाल रंगाचं. दाबायचं. वायरमनची काळी वायर हातात घेऊन पिनेपाशी वाकवली तर बीप येई, सोडली की जाई. वरचं प्लॅस्टिक अखंड, आतली तार तुटलेली. त्यावर टेपचे थर, त्याखाली आणखी जुनी टेप. मोटार काढायची मजुरी दिली, सोडायची मजुरी दिली, टेम्पोचं भाडं दिलं, ऐन छाटणीनंतर बाग सुकली ती वेगळीच. आणि वायरमन म्हणतो काय, "मीटरने दाखवलं तसं मी सांगितलं." म्हणजे चूक मीटरची. मीटर बिचारं!

मजुरीचं दुःख मी गिळलं. पण तीच वायर लावून हा माणूस सप्लाय आहे का नाही ते बघतो, त्याचं काय? मोटार ओपन नसताना ओपन दाखवली तर पैसे जातात. वायर तुटलेली असताना जिवंत फेजवर मीटर शून्य दाखवतं, किंवा इकडचे-तिकडचे आकडे नाचवतं, आणि त्या शून्यावर विश्वास ठेवून माणूस हात घालतो. 415 व्होल्टमध्ये. ओल्या मातीत उभं राहून, कधी अनवाणी. मीटरचं शून्य म्हणजे सप्लाय बंद असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी चालू असलेल्या फेजवर मीटर लावून आकडा बघावा, मग बंद केलेल्या जागी बघावा, आणि पुन्हा चालू फेजवर जाऊन खात्री करावी. तीन वेळा. कंटाळा येत असेल तर हा धंदा सोडावा, सरळ सांगतो.

आणि तुम्ही, "चालतंय हो, आजवर काही झालं नाही" म्हणणारे! मीटरवर आणि वायरींवर छापलेल्या त्या कॅट टू, कॅट थ्री या सुरक्षेच्या वर्गांचा अर्थ कधी विचारलात? पिनेत घालायच्या घरगुती यंत्रांसाठी कॅट टू. इमारतीचा डीबी (वीज वाटणारा बोर्ड), पॅनेल, कायमची बसवलेली मोटार यांना कॅट थ्री. डीपीवरून आलेली उघडी लाइन आणि मीटरपेटीपाशी कॅट फोर. शेतातल्या स्टार्टरला लाइन खांबावरून थेट येते, तिथे तुम्ही खेळण्यातली वायर घेऊन उभे राहता. कॅट थ्री 600 व्होल्टचं साहित्य 6000 व्होल्टच्या क्षणिक झटक्याला तपासलेलं असतं, कारण वीज पडली किंवा डीपीवर काही झालं की तसे झटके लाइनवर खरोखर येतात. आयईसी 61010-031 या मानकात कॅट थ्री आणि फोरच्या प्रोबचं उघडं टोक 4 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावं असं आहे. तुमच्या प्रोबचं बोटाएवढं उघडं टोक आहे ना, ते पॅनेलमध्ये दोन फेजच्या मध्ये आडवं गेलं की स्फोट होतो, आणि तोंड तुमचं समोर असतं.

सातशे-आठशे रुपयांत सिलिकॉनच्या, बारीक तारांच्या चांगल्या वायरी मिळतात. त्यातल्या काहींचा आतला थर पांढरा असतो, वरचा खरवडला गेला की पांढरं दिसतं. दिसलं की वायर बाद. दोन प्रोब टेकवले की 0.1 ते 0.3 ओहम यावं, आणि वायर दोन्ही टोकांशी वाकवताना तो आकडा हलता कामा नये. घरी बनवायची हौस असेल तर 0.75 चौरस मिमीची सिलिकॉन वायर घ्या. सोल्डर तारांमध्ये वर चढलं की तिथे वायर कडक होते आणि नेमकी त्या कडेलाच तुटते, म्हणून क्रिंप करा, म्हणजे टोक पक्कडीने दाबून बसवा, आणि वर आकसणारी स्लीव्ह चढवा. टोकाला शिवणाची सुई लावा, क्रोकोडाइल क्लिप लावा, बॅटरीवर आणि 12-24 व्होल्टच्या बोर्डावर खुशाल वापरा. 415 वर घरची वायर लावलीत आणि मला कळलं तर मी मीटरसकट काढून घेईन. हे गमतीने म्हणत नाही.

जुन्या वायरी आजच मीटरमधून उपटा. आणि कचऱ्यात टाकण्याआधी पक्कडीने मधोमध तोडा. अख्ख्या टाकल्यात तर कोणीतरी उचलणार, टेप मारणार, आणि दुसऱ्याच्या शेतात जाऊन "नाना, मोटार गेली" म्हणणार.