योकोझुनाचं पद खाली येत नाही: एका मेसेजबद्दल खुलासा

सुमो कुस्तीची नवी क्रमवारी यायच्या तोंडावर एक मेसेज फिरतोय: दुखापतीमुळे स्पर्धेतून अर्ध्यातच माघार घेणारा योकोझुना (सर्वोच्च पदाचा पैलवान) आता ओझेकी (त्याखालचं पद) होणार, आणि 8 पेक्षा कमी लढती जिंकणारा ओझेकी लगेच खाली येणार. परवा मीही तो पुढे पाठवला. तो चुकीचा आहे, म्हणून हे लिहितोय.

योकोझुनाला खाली उतरवण्याची पद्धतच नाही. जमेनासं झालं की तो निवृत्त होतो. किसेनोसातो 2017-18 मध्ये सलग 8 स्पर्धा पूर्ण खेळू शकला नव्हता, तरी तो योकोझुनाच राहिला आणि जानेवारी 2019 मध्ये त्याच पदावरून निवृत्त झाला.

ओझेकीला एक संधी मिळते. स्पर्धेच्या 15 दिवसांत 8 विजय झाले नाहीत, तर पुढच्या स्पर्धेत तो 'कादोबान', म्हणजे पद धोक्यात असलेला, असतो. तेव्हाही अपयश आलं तरच तो सेकिवाके, म्हणजे एक पायरी खालचा, होतो. तिथेही दार बंद होत नाही. लगेचच्या स्पर्धेत 10 लढती जिंकल्या की पद परत! ताकाकेइशोचं उदाहरण बघा. मे 2019 मध्ये गुडघा दुखावला, जुलैत तो उतरलाच नाही, सप्टेंबरमध्ये सेकिवाके म्हणून आला आणि 12 लढती जिंकून पुन्हा ओझेकी झाला. तेव्हा त्याच्यासाठी किती जीव टांगणीला लागला होता!

क्रमवारीचा कागद, म्हणजे बान्झुके, साधारण स्पर्धेच्या 13 दिवस आधी जाहीर होतो. तोवर कृपा करून तो मेसेज पुढे पाठवू नका, आणि माझ्याकडून ज्यांना आला त्यांनी डिलीट करा.