४०७ ला मोठं नोझल आणि चार इंची पाइप टाकायच्या आधी जरा हिशोब बघा

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, रील्सपण त्याच्यावरच. म्हणे जुन्या टाटा ४०७ ट्रकला (ते ४९७ चं बिनटर्बोचं इंजिन) टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा, बसवला की उघडा कोन एअर फिल्टर लावा, हवा आत नेणारा पाइप चार इंची टाका, डिझेल फवारणारे नोझल मोठे घाला, डिझेल पंपाचं सील तोडून डिझेल वाढवा, टाकीतून त्या पंपाला डिझेल पोचवणारा फीड पंप जास्त प्रेशरचा बसवा, की ३० टक्के पॉवर आणि वर अ‍ॅव्हरेजपण. आणि काळा धूर आला की समजायचं सेटिंग जमलं!

धुरापासूनच सुरू करू. १ किलो डिझेल पूर्ण जळायला कागदावर १४.५ किलो हवा लागते, पण प्रत्यक्षात एवढ्या कमी वेळात सगळं मिसळत नाही, त्यामुळे हवा १८-२० किलोच्या खाली गेली की धूर सुरू. म्हणजे तुम्ही पैसे मोजून भरलेलं डिझेल अर्धवट जळून काजळी होऊन चाललंय. हवा कमी पडतेय एवढंच तो धूर सांगतो, बाकी काही नाही.

आता किती डिझेल चालेल ते काढता येतं की, अंदाज कशाला? ९७ मिमी बोअर, १०० मिमी स्ट्रोक, चार सिलिंडर म्हणजे २९५६ सीसी. २८०० आरपीएमला दर मिनिटाला १४०० वेळा इंजिन हवेने भरणार आणि भरणं ८५ टक्के धरलं तर साधारण ३५०० लिटर हवा, म्हणजे ४ किलो. २० किलो हवेला १ किलो डिझेल ह्या हिशोबाने मिनिटाला २०० ग्रॅम डिझेल, ते ५६०० इंजेक्शनमध्ये (चार सिलिंडर, प्रत्येकी १४००) वाटलं की पंपाच्या हजार स्ट्रोकला, म्हणजे हजार इंजेक्शनला, ४३ सीसीच्या आसपास. टर्बो आणि इंटरकूलरने (टर्बोने दाबून तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर) हवा दीडपट झाली तर हा आकडा ६४-६५ पर्यंत नेता येईल. हीच भाषा पंपवाल्याला कळते, टेस्ट बेंचवर तो हजार स्ट्रोकला किती सीसी तेच मोजतो, आणि चारही लाइनचं सारखं पडतंय का तेही. गाडीवरच स्क्रू फिरवून ह्यातलं काहीच कळत नाही. आणखी एक, बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) यायच्या आधी डिझेल आटोक्यात ठेवायला पंपावर बूस्टवर चालणारा डायफ्रॅम, म्हणजे पडदा, लागतो, तो नसताना स्क्रू उघडला की प्रत्येक चढाला खालच्या आरपीएमला धुराचा लोट ठरलेला.

नोझलचं तर विचारूच नका. भोक मोठं केलं आणि प्रेशर तेच राहिलं की थेंब जाड होतात, फवारा पिस्टनच्या वाटीत बसायच्या ऐवजी भिंतीवर जातो, ऑइल धुतलं जातं, खाली ऑइलच्या चेंबरमध्ये डिझेल उतरतं. भोकांची संख्या, कोन, उघडायचं प्रेशर हे सगळं त्या वाटीशी जुळलेलं असतं. दुसऱ्या मोठ्या इंजिनाचे नोझल थ्रेड बसले म्हणून लावायचे नसतात. तेवढ्या हवेला मूळ नोझलच पुरत असतील तर पैसे वाचवा.

फीड पंप एका वाक्यात संपतो. इनलाइन पंपात (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर असलेला डिझेल पंप) डिझेल किती जाणार ते एलिमेंट (तो प्लंजर) आणि त्याला फिरवणारा रॅक ठरवतात, फीड पंपाचं काम फक्त पंपाची गॅलरी (आतली डिझेलची जागा) भरलेली ठेवणं, तेव्हा फिल्टर चोक नसेल आणि हवा ओढत नसेल तर जास्त प्रेशरने काही मिळत नाही.

कोन फिल्टर. योग्य साइजचा कागदी फिल्टर बदलायची साधारण मर्यादाच २५ इंच पाण्याएवढा अडथळा, म्हणजे हवेच्या दाबाच्या ६ टक्के. स्वच्छ असताना त्याचा अडथळा त्याहून बराच कमी, म्हणजे वाचवून वाचवणार एक-दोन टक्के. आणि बॉनेटखाली उघडा कोन ६० डिग्रीची हवा ओढतो, बाहेर ३५ असताना, तिथे ८ टक्के हवा गेली. वर उसाच्या हंगामातली किंवा खडी क्रशरवरची धूळ टर्बोच्या पात्यांना आणि लायनरला (सिलिंडरची आतली भिंत) खाते ती वेगळीच. अशा रस्त्याला मोठा कागदी फिल्टर, पुढे हवा गरगर फिरवून धूळ आधीच वेगळी करणारा सायक्लोन प्री-क्लीनर, आणि हवा ओढायचं तोंड गरम भागापासून लांब. रीलमध्ये दिसायला चांगलं नाही, मान्य.

चार इंची पाइपचाही हिशोब बघा. दीडपट हवेला टर्बोच्या आधी अडीच इंची पाइपमध्ये वेग ताशी १०० किमी येतो, तेवढ्याने काही घुसमटत नाही. टर्बोनंतर हवा दाबलेली, जागा अजून कमी लागते. चार इंची टाकलात तर उलट भरायलाच वेळ लागणार. खरी गळती क्लॅम्प आणि रबरच्या जोडांना असते.

ज्याच्यावर खर्च करायचा तो इंटरकूलर, आणि मेसेजमध्ये त्याचं नावच नाही. ०.७ बार बूस्टला ३५ डिग्रीची हवा १०५-११० होते. ती ६० वर आणली की १२-१४ टक्के हवा जास्त आणि पिस्टनही जरा थंड. त्याच्या जोडीला टर्बोच्या आधी एक्झॉस्टमध्ये टेंपरेचर मीटर, लोडवर ७०० डिग्रीच्या वर बराच वेळ राहिलं की डिझेल कमी करा, कारण पिस्टन शेवटी अ‍ॅल्युमिनियमचाच.

३० टक्के पॉवर मिळते हो, पण हवा, पंप, थंडावा तिन्ही जुळले तर. अ‍ॅव्हरेज मात्र जास्त डिझेल ओतून कसं वाढणार तेवढं मेसेजवाल्याने सांगावं. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या माहितीशी न जुळणारे बदल परस्पर करता येत नाहीत, २०१९ च्या दुरुस्तीने एकेका बदलाला ५००० रुपये दंड आहे, कैदपण होऊ शकते, हे आरटीओत पासिंगला गाडी नेल्यावर कळण्यापेक्षा आधी विचारून घ्या.