‘गेट’ म्हणजे ‘ओब्तेनेर’ नव्हे

‘इंग्रजीची अनियमित क्रियापदं स्पॅनिशसकट पंधरा दिवसांत! एका क्रियापदाला एकच स्पॅनिश शब्द. इंग्रजीला नियम नाहीत, स्पॅनिश सगळी नियमात. आणि आपण गोंयकार, पोर्तुगीज तर रक्तातच!’ अशा अर्थाचा मेसेज तक्त्यासह फोंड्यापासून पेडण्यापर्यंत ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. माझा भाचा तारवावर, म्हणजे जहाजावर नोकरीला, जायच्या तयारीत आहे. त्याने तो तक्ता कपाटाच्या दारावर चिकटवलाय, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

आधी रक्ताचं बघू. गोवा मुक्त झाला १९६१ साली. आज पन्नाशीतल्या माणसानेही पोर्तुगीज अमदानीतली शाळा पाहिलेली नाही. आपल्याकडे उरलेत ते सुटे शब्द, आणि तेही दगा देतात. जनेल म्हणून स्पॅनिश माणसाला खिडकी कळणार नाही, ती त्याची ‘बेंताना’. कदेल, म्हणजे खुर्ची, ही त्याची ‘सिया’. ज्यांना खरोखरच पोर्तुगीज येतं त्यांना थोडा फायदा आहे: ‘मी गेलो’ला दोन्हीकडे ‘फुई’.

स्पॅनिश नियमात आहे, हे तर कुणी तरी न शिकताच लिहिलंय. ‘जाणे’ म्हणजे ‘इर’, पण ‘मी जातो’ला ‘बोय’, ‘मी गेलो’ला ‘फुई’ आणि ‘मी जायचो’ला ‘इबा’. शिवाय ‘फुई’ म्हणजे ‘मी होतो’सुद्धा! इंग्रजीत एक ‘वेन्ट’ पाठ केलं की आय, यू, ही, दे सगळ्यांचं भागतं. स्पॅनिशमध्ये फुई, फुइस्ते, फुए, फुइमोस असं माणूस बदलला की रूप बदलतं. आणि अनियमितपणाला आपण का घाबरावं? ‘वेन्ट’ हे मुळात ‘वेन्ड’ या दुसऱ्याच क्रियापदाचं रूप, ‘गो’ने ते उसनं घेतलं. आपण तरी काय करतो? मराठीत जातो पण गेलो, कोंकणीत वतां पण गेलों. कुणी तक्ता लावून शिकलं होतं का?

आता मुख्य दुखणं: एका क्रियापदाला एक शब्द. तक्त्यात ‘गेट, गॉट, गॉटन’समोर फक्त ‘ओब्तेनेर’ आहे, म्हणजे मिळवणे. भाच्याने त्यावरून ‘आय गॉट होम’चं ‘ओब्तुवे कासा’ केलं. म्हणजे ‘मी घर मिळवलं’. गोव्यातले जागेचे आजचे भाव बघता अभिनंदन करायला हवं होतं, पण बिचारा फक्त घरी पोचला होता. त्याला ‘येगे आ कासा’ म्हणतात. पत्र मिळालं तर ‘रेसिबी’. राग आला तर ‘मे एनोहे’. उशीर झाला तर ‘से इसो तार्दे’. कळलं तर ‘एन्तेन्दी’.

मिळालं, पोचलो, आला, झाला, कळलं. इंग्रजीने एका ‘गॉट’मध्ये कोंबलेल्या गोष्टी मराठीनेही वेगवेगळ्या ठेवल्यात, स्पॅनिशनेही. मग मधे इंग्रजीचा पूल कशाला? वाक्य आधी मराठीत म्हणायचं, नेमकं काय झालं ते आपलंच क्रियापद सांगतं, त्यावरून स्पॅनिश शोधायचं. दर वेळी जुळेल असं नाही, पण कधी कधी वाक्याची ठेवणसुद्धा आपलीच निघते. इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता, ‘आय लाइक’. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता’, म्हणजे सरळ ‘मला आवडतं’.

पंधरा दिवसांबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

परवा भाच्याने विचारलं, “मामा, ‘आय गॉट हंग्री’ला काय?”

“मराठीत सांग आधी.”

“मला भूक लागली.”

“मे दियो आम्ब्रे. बघ, इथेही सुरुवात ‘मला’नेच.”

तक्त्यात जागा नव्हती. कपाटावरून काढून त्याने ते मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं.