चार चिंचोक्यांचं तिकीट

सकाळी चहाचा कप हातात घेऊन व्हॉट्सॲप उघडलं आणि चहा तसाच गार झाला. आपल्या ग्रुपमधली दहा-बारा जणं शनिवारी रात्री पेनहर्स्टला, म्हणजे इथे पेनसिल्व्हेनियात बंद पडलेली ती जुनी सरकारी संस्था, तिथे जाऊन आलीत. हॅलोविनचा भुताटकीचा खेळ असतो ना, तो बघायला. चाळीसएक फोटो. एकाने पांढऱ्या कोटावर लाल रंग ओतलाय. दुसऱ्याने हात दोरीने बांधून घेऊन जीभ बाहेर काढलीय. खाली ओळ : 'ठाण्याला घेतलं नाही, म्हणून इथे भरती!' त्यावर सत्तावीस हसरे चेहरे. त्यातला एक माझ्या जिवलग मैत्रिणीचा.

ग्रुपवर काही बोलले नाही. तिथे बोललं की लगेच 'ताई, चिल' येतं. म्हणून इथे लिहितेय.

साताऱ्याच्या घरी आमचा बाळकाका होता. बाबांचा धाकटा भाऊ. चाळिशीतही बाळच. त्याला मोजून पन्नास-साठ शब्द यायचे, त्यातले निम्मे खाण्याचे. एका मे महिन्यात आम्ही भावंडांनी कोठीच्या खोलीत 'भुताची खोली' काढली. बाळकाकाला कणगीच्या आड घोंगडं पांघरून बसवायचं, आळीतली पोरं एकेक करून आत सोडायची आणि त्याने 'भॉक' करायचं. तिकीट चार चिंचोके. तिकिटावर मी. वय वर्षं नऊ.

तेव्हा मी काही फार उंचावरून बोलत नाहीये, एवढं आधीच सांगून टाकते.

पण मंडळी, जिथे जीभ काढून उभे राहिलात ते काय होतं हे निदान घरी येऊन तरी बघायचंत. पेनहर्स्ट वेड्यांचं इस्पितळ नव्हतंच. वेड लागणं वेगळं, बुद्धीची वाढ कमी असणं वेगळं. पेनसिल्व्हेनिया राज्याने १९०८ साली ते उघडलं ते मतिमंद आणि फेफरं येणाऱ्या माणसांसाठी. पुढे नावात 'स्कूल' आलं. शाळा! लहान लहान पोरं तिथे आणून सोडायचे आणि त्यातली कित्येक तिथेच म्हातारी व्हायची. बंद होईपर्यंत दहा हजारांवर माणसं त्या दारातून आत गेली.

१९६८ साली बिल बाल्दिनी नावाचा फिलाडेल्फियाचा टीव्ही बातमीदार कॅमेरा घेऊन आत शिरला आणि पाच भागांत त्याने ते सगळं लोकांना दाखवलं. उंच कठड्यांच्या पलंगांत पडून राहिलेली मुलं. बांधून ठेवलेली माणसं. दिवसभर नुसती डुलत बसलेली माणसं. चावणाऱ्याचे दात काढून टाकायचे तिथे. हो, दात. आता तो दोरीवाला फोटो पुन्हा उघडून बघा.

बाळकाकाही चावायचा. भूक लागली आणि कुणाला कळलं नाही की स्वतःच्याच मनगटाला. आजी काय करायची? शेंगदाण्याचा लाडू द्यायची.

लगेच कुणीतरी लिहील, 'म्हणून तर आपली संस्कृती, आपण घरी सांभाळतो.' नका लिहू. पाहुणे आले की बाळकाकाची रवानगी मागच्या दारी व्हायची. धाकट्या आत्याचं लग्न ठरेपर्यंत बघायला येणाऱ्यांना दोनच भाऊ सांगितले होते, तीन नाही. आमचं पेनहर्स्ट बारा बाय दहाचं होतं, एवढाच फरक. बरं, एवढाच नाही. आजी होती.

निकोलस रोमिओ नावाचा एक माणूस होता तिथे. १९७४ साली वडील गेले, एकट्या आईला तो आवरेना, म्हणून सव्विसाव्या वर्षी पेनहर्स्टला आला. आई भेटायला जायची तर अंगावर नवीन जखमा. दोन-अडीच वर्षांत निदान ६३ वेळा त्याला इजा झाली, असं दाव्यात लिहिलंय. त्या बाईने सरळ कोर्ट गाठलं आणि १९८२ साली तो दावा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. त्रेसष्ट! कुणीतरी बसून मोजल्याशिवाय असा आकडा येत नाही.

आमच्या खेळाच्या चौथ्या दिवशी आजी बाळकाकाला आंघोळ घालत होती. पाठीवर वळ. तिने बोटाने एकेक मोजला. आळीतला एक थोराड पोरगा भुताला बघायला आत काठी घेऊन जायचा. चार चिंचोके दिल्यावर आत काय करतोय हे कोण बघतंय? मी तर दाराशी बसून चिंचोके मोजत होते.

ज्यांना 'पण तिथे दिवसा इतिहासही सांगतात, संग्रहालय आहे' असं म्हणायचंय त्यांना : आहे, ठाऊक आहे. त्या पैशाने जुन्या इमारती तरी टिकल्या, हेही घ्या. आणि बाळकाकालाही 'भॉक' करताना मजा यायची, खदखदून हसायचा, तेही खरं. म्हणून काय ते बरोबर होतं?

पेनहर्स्टवरच्याच दुसऱ्या एका खटल्यात १९७७ साली न्यायाधीश ब्रॉडरिक यांनी निकाल दिला की माणसांना असं कोंडून ठेवणं हाच त्यांच्या हक्कांचा भंग आहे. तरी कुलूप लागायला १९८७ उजाडलं, मध्ये वर्षानुवर्षं अपिलं. तिथली माणसं गावागावांत छोट्या घरांत राहायला गेली. पुष्कळ आईबापांचाच विरोध होता, आम्ही मेल्यावर यांचं कोण बघणार म्हणून. पण मागोमाग जाऊन अभ्यास केला तर ती माणसं तिथल्यापेक्षा बरी होती. २०१० साली राज्याने रस्त्याच्या कडेला ऐतिहासिक स्थळाची पाटी लावली. आणि त्याच वर्षी आत भुतांचा खेळ सुरू झाला, तिकीट लावून. भुतं कुणाची? तिथे राहिलेली माणसं अजून आहेत हो. याच भागात. कुणी दुकानात तुमच्यापुढे रांगेत असेल.

(हे लिहीत होते तेवढ्यात मैत्रिणीचा मेसेज आला, 'अगं, मला खरंच माहीत नव्हतं.' बरं बाई. मला तरी कुठे होतं? त्या रस्त्याने दहादा जाऊन मी ती पाटी कधी थांबून वाचली नव्हती. तुझ्यावरचा राग गेला. त्या ठाण्याच्या ओळीवरचा नाही गेला.)

वळ दिसले त्या दिवशी आजी आम्हाला एक अक्षर बोलली नाही. कोठीला कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली आणि स्वयंपाकाला लागली. दुपारी बघते तर बाळकाका त्या कुलपापाशी घोंगडं पांघरून बसलेला. मला बघून त्याने मूठ पुढे केली. उघडली तर आत चिंचोके. चार नव्हते, ओंजळभर होते. त्याला मोजता कुठे यायचं.